काळे स्मारक व्याख्यान : पाहुण्यांचे व्यासपीठ

पुण्याला व्याख्यानांचे अप्रूप कधीच नव्हते. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी घराबाहेर पडून विद्वानांचे बोलणे ऐकायची गोडी या शहराला लागली ती कायमची. अशा शहरात गोखले अर्थशास्त्र संस्थेने वर्षातून एकच व्याख्यान ठरवले. वक्ता एक, तोही बाहेरून बोलावलेला. विषय एक, आणि भाषण लिहून आणलेले. पुढे ते पुस्तिका म्हणून छापायचे, म्हणजे त्या दिवशी जो सभागृहात नव्हता त्याच्याही हाती पडावे. संस्थेच्या इतिहासात सर्वेक्षणांचे आणि संशोधनाचे पारडे जड आहे, आणि ते योग्यच आहे. पण येथे शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या घडणीत त्या एका वार्षिक व्याख्यानाचा वाटा किती मोठा आहे, हे सहसा कोणी लिहीत नाही. म्हणून या स्मरणिकेत त्यासाठी स्वतंत्र जागा मागून घेतली.

ज्यांच्या नावाने हे व्याख्यान होते ते रावबहादूर आर. आर. काळे साताऱ्याचे वकील. मुंबई विधिमंडळात त्यांनी काम केले. सभागृहात येणारा प्रत्येक प्रश्न अभ्यास करून मांडायचा, ही त्यांची ख्याती. आपल्या मिळकतीचा मोठा भाग त्यांनी भारत सेवक समाजाच्या स्वाधीन केला. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावाने देशाच्या आर्थिक आणि राजकीय प्रश्नांचा अभ्यास करणारी एक संस्था उभी राहावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती. त्या देणगीतून ६ जून १९३० रोजी संस्था स्थापन झाली. तारीख लक्षात घेण्यासारखी आहे. मिठाचा सत्याग्रह ऐन भरात होता आणि गांधीजी महिन्याभरापासून येरवड्याच्या तुरुंगात होते. देश रस्त्यावर उतरलेला असताना पुण्यात काही माणसे आकडे गोळा करण्यासाठी संस्था काढत होती. हे पळ काढणे नव्हते. गोखल्यांचा वारसाच तसा होता. फर्ग्युसनमधून ते १९०२ मध्ये निवृत्त झाले आणि त्याच वर्षी कलकत्त्याच्या कौन्सिलात त्यांनी अंदाजपत्रकावर भाषण केले. सरकारच्या तिजोरीतली शिल्लक म्हणजे रयतेची सुबत्ता नव्हे, हे त्यांनी सरकारचेच आकडे घेऊन दाखवून दिले. एका भाषणात काय ताकद असते, हे या संस्थेला तिच्या नावानेच शिकवले होते.

पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते. भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचा त्यांचा ग्रंथ १९२४ मध्येच प्रसिद्ध झाला होता आणि सुरतेच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून ते येथे आले. पुढची छत्तीस वर्षे संस्था म्हणजे गाडगीळ असे समीकरण राहिले. त्यांनी विद्यार्थ्यांना वर्गात बसवून ठेवले नाही, पुण्याच्या मंडईत पाठवले. शहरातल्या फळबाजाराची पाहणी, मग खुद्द पुणे शहराचे सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण, गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांचा अभ्यास, अशी कामे या काळात झाली. घरोघर हिंडून प्रश्नावली भरणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या चौकटीपलीकडचे जगही दिसायला हवे, आणि ते दाखवायला ज्याने ते जग हाताळले आहे असा माणूस आणायला हवा. काळे स्मारक व्याख्यानाची निवड पाहिली की ही दृष्टी स्पष्ट दिसते.

पहिले व्याख्यान १९३७ मध्ये झाले. वक्ते प्राध्यापक वामन गोविंद काळे. फर्ग्युसनमध्ये अर्थशास्त्र शिकवणारे, मराठीत ‘अर्थ’ चालवणारे आणि महाराष्ट्र बँकेच्या संस्थापकांपैकी एक. विषय होता जागतिक अर्थव्यवस्थेचा प्रश्न. महामंदीने जगाचा व्यापार मोडून टाकल्यानंतरचा तो काळ. सुरुवात घरच्या माणसापासून झाली खरी, पण विषय घरचा नव्हता.

या मालेतले सर्वांत गाजलेले व्याख्यान तिसरे. २९ जानेवारी १९३९ रोजी पुण्याच्या गोखले सभागृहात डॉ. भीमराव रामजी आंबेडकर बोलले. विषय होता संघराज्य की स्वातंत्र्य. या व्याख्यानावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण पाहुणा वक्ता कसा बोलवावा आणि पाहुण्याने कसे बोलावे, या दोन्हींचा तो नमुना आहे.

आधी त्या वेळची परिस्थिती. १९३५ च्या कायद्याचा प्रांतिक स्वायत्ततेचा भाग १९३७ पासून अमलात आला होता आणि मुंबईत बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ कारभार करत होते. कायद्याचा दुसरा भाग म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थान आणि संस्थाने यांचे संघराज्य. तो अजून कागदावरच होता. संस्थानिक सामील होणार का, काँग्रेस ते स्वीकारणार का, यावर देशभर खल चालू होता. ज्या दिवशी डॉ. आंबेडकर पुण्यात बोलले, नेमक्या त्याच दिवशी काँग्रेसच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली आणि सुभाषबाबूंनी पट्टाभी सीतारामय्यांचा १५८० विरुद्ध १३७७ मतांनी पराभव केला. त्या लढतीतही संघराज्याशी तडजोड होणार की नाही, हा कळीचा मुद्दा होता. म्हणजे विषय थंड झाल्यावर त्याचे विच्छेदन करायला संस्थेने कोणाला बोलावले नव्हते. निखारा पेटता असतानाच तो विद्यार्थ्यांसमोर ठेवला.

डॉ. आंबेडकरांना त्या काळी पुण्यात बोलवायचे म्हटले तर लोकांच्या डोक्यात एकच विषय येई, अस्पृश्यतेचा. पर्वतीचा सत्याग्रह होऊन दहा वर्षे झाली नव्हती आणि येरवड्याचा करार होऊन सहाच वर्षे झाली होती. संस्थेने त्यांना त्या चौकटीत अडकवले नाही. रुपयाच्या प्रश्नावर आणि प्रांतिक वित्तव्यवस्थेवर प्रबंध लिहिणारा अर्थशास्त्रज्ञ, मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचा माजी प्राचार्य, घटनाशास्त्राचा जाणकार म्हणून ते व्यासपीठावर आले. या निवडीचा मला फार अभिमान वाटतो. एखाद्या विद्वानाला त्याच्या जन्माने किंवा चळवळीने नेमून दिलेल्या विषयापुरतेच बोलवायचे, ही सवय आजही आपल्या महाविद्यालयांत जागोजाग दिसते.

रावबहादूर काळे डॉ. आंबेडकरांचे विधिमंडळातले सहकारी होते. त्या स्नेहाची आणि काळे यांच्या अभ्यासूपणाची आठवण डॉ. आंबेडकरांनी आरंभी काढली आणि मग ते थेट कायद्यात शिरले. भाषणाचा कणा होता आकडे आणि कलमे. संघीय कायदेमंडळाच्या कनिष्ठ सभागृहात ३७५ जागा. त्यांतल्या २५० ब्रिटिश हिंदुस्थानाला आणि १२५ संस्थानांना. वरिष्ठ सभागृहात २६० जागा. त्यांतल्या १५६ एकीकडे आणि १०४ दुसरीकडे. देशाच्या लोकसंख्येत संस्थानी प्रजा सुमारे एक चतुर्थांश. तिच्या नावावर एका सभागृहात तिसरा हिस्सा आणि दुसऱ्यात शेकडा चाळीस जागा. शिवाय त्या जागांवर प्रजेने निवडलेले प्रतिनिधी बसणार नाहीत, राजेसाहेबांनी नेमलेली माणसे बसणार. समोर बसलेला कोणताही विद्यार्थी ही वजाबाकी-भागाकार वहीच्या कोपऱ्यात करू शकत होता, आणि मग त्याला पुढचा मुद्दा सांगावा लागत नव्हता. निवडून आलेल्यांची मते नेमलेल्यांच्या मतांनी बांधली जाणार होती. प्रांतांतल्या जनतेच्या कारभारावर संस्थानिकांची माणसे मत देणार आणि संस्थानांतल्या कारभारावर प्रांतांच्या प्रतिनिधींना अवाक्षर काढता येणार नाही. दोन्हीकडच्या प्रजेचे नागरिकत्वही एक नसणार. असे संघराज्य देशाला एकत्र आणणार नाही आणि स्वराज्याच्या वाटेत धोंड होऊन बसेल, हे त्यांनी पायरी पायरीने मांडत नेले.

संघराज्य या कल्पनेलाच त्यांचा विरोध होता असे कोणी समजू नये. आपला कल एकात्म शासनपद्धतीकडे आहे आणि हिंदुस्थानला तिची गरज आहे, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. प्रांतिक स्वायत्तता राहायची तर संघीय रचना स्वीकारावी लागेल, हेही मान्य केले. हरकत होती ती या विशिष्ट संघराज्याला. आज हे वाचताना पुढचा इतिहास आठवल्याशिवाय राहत नाही. साडेआठ वर्षांनी तेच घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. नोव्हेंबर १९४८ मध्ये मसुदा मांडताना, ही घटना सामान्य काळात संघीय आणि आणीबाणीत एकात्म होऊ शकेल अशी आहे, असे त्यांनी सांगितले. त्या विचाराची एक बाजू पुण्यातल्या विद्यार्थ्यांनी जवळजवळ दहा वर्षे आधी ऐकली होती.

भाषण वेळेत मावणारे नव्हते. लिहून आणलेल्या मजकुरातले काही भाग वाचताना त्यांना गाळावे लागले आणि छापताना मात्र संपूर्ण मजकूर घेतला गेला. मला हा तपशील महत्त्वाचा वाटतो. वक्ता पाऊण तासाची तयारी करून आला नव्हता, ग्रंथाची तयारी करून आला होता. व्याख्यानाला घड्याळाची मर्यादा असतेच, विचाराला ती नसावी म्हणून छपाई हवी. पुढे सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले, व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी संघराज्याची योजना स्थगित केल्याचे जाहीर केले आणि तो कायद्याचा भाग कधीच अमलात आला नाही. विषय आठ महिन्यांत कालबाह्य झाला. पुस्तिका मात्र कालबाह्य झाली नाही. राज्यघटना शिकणारा विद्यार्थी आजही ती काढून वाचतो, कारण कायदा कसा वाचावा, कलमामागची सत्ता कशी ओळखावी, हे त्यात शिकायला मिळते.

१९४१ चे पाहुणे अगदी वेगळ्या वाटेने आले होते. अमृतलाल विठ्ठलदास ठक्कर, म्हणजे ठक्करबाप्पा. शिक्षणाने अभियंता. १९१४ मध्ये नोकरी सोडून ते भारत सेवक समाजात आले. १९२२ मध्ये त्यांनी दाहोदकडे भिल्ल सेवा मंडळ काढले आणि पंचमहालातल्या पाड्यांवर पायी हिंडून काम उभे केले. त्यांचा विषय होता भारतातल्या आदिवासींचा प्रश्न. तेव्हा या विषयावर दोन तट पडत होते. वेरिअर एल्विन यांच्यासारखे अभ्यासक म्हणत होते की बाहेरच्यांच्या लुबाडणुकीपासून वाचवायचे तर काही समाजांना निदान काही काळ वेगळे राखले पाहिजे. ठक्करबाप्पांना हा अलगपणा धोक्याचा वाटत होता. ज्यांच्यापर्यंत शाळा, दवाखाना, रस्ता आणि कायदा पोचलेला नाही त्यांना आणखी दूर ठेवणे त्यांना पटत नव्हते.

कोणाचे बरोबर, यावर पुढेही वाद चालू राहिला आणि माझ्या मते दोन्ही बाजूंकडे सत्याचा अंश होता. संस्थेच्या दृष्टीने मोलाची गोष्ट वेगळी आहे. दोनच वर्षांनी, १९४३ मध्ये, डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांचा आदिवासींच्या भवितव्यावरचा ग्रंथ याच संस्थेने प्रकाशित केला. मुंबई विद्यापीठातल्या समाजशास्त्रज्ञाने लिहिलेला तो ग्रंथ भारतीय समाजशास्त्रात आजही वादाच्या केंद्रस्थानी आहे. रानावनांत हिंडणारा कार्यकर्ता व्यासपीठावर आणि विद्यापीठातला पंडित प्रकाशनांत, असा हा संवाद एकाच छपराखाली झाला. त्याच भारत सेवक समाजातून बाहेर पडलेल्या गोदावरी परुळेकर १९४५ मध्ये तलासरीकडच्या वारल्यांमध्ये उभ्या राहिल्या आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला, हेही येथे आठवते. ज्या प्रश्नावर पुण्यात शांतपणे व्याख्यान झाले होते तो ठाण्याच्या जंगलात असा उसळून आला.

१९४२ मध्ये वैकुंठभाई मेहता यांनी सहकारातल्या नियोजनाची बाजू मांडली. मुंबई प्रांतिक सहकारी बँक त्यांनी घडवली होती, त्यामुळे शब्दाला अनुभवाचे वजन होते. पुढे गाडगीळ स्वतः विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यात उतरले. सहकारावरचा त्यांचा विश्वास कोणा एका व्याख्यानाने तयार झाला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण संस्थेतल्या विद्यार्थ्यांसाठी सहकार हा परीक्षेतला प्रश्न राहिला नाही, हे नक्की.

स्वातंत्र्यानंतर निवड आणखी धीट झाली असे मला वाटते. १९४८ मध्ये चिंतामणराव देशमुख आले. महाडजवळच्या नाते गावचा हा मुलगा रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला होता आणि १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सला भारताच्या शिष्टमंडळात बसला होता. व्याख्यानाचा विषय, भारतातल्या मध्यवर्ती बँकेच्या वाटचालीचे सिंहावलोकन. त्या वर्षी जूनअखेरपर्यंत रिझर्व्ह बँक पाकिस्तानचेही चलन सांभाळत होती. आणि भागधारकांच्या मालकीची ही बँक १ जानेवारी १९४९ पासून सरकारच्या मालकीची व्हायची होती. देशाची बँक फाळणीतून आणि राष्ट्रीयीकरणातून जात असताना तिचा गव्हर्नर पुण्यात येऊन विद्यार्थ्यांना तिचा इतिहास सांगतो, हे आज कोणालाही विलक्षण वाटेल. पदावरचा माणूस बोलायला तयार होतो तो ऐकणाऱ्यांच्या समजुतीवर भरवसा असला तरच.

१९५२ चे वक्ते ए. डी. गोरवाला. सनदी सेवेतला हा अधिकारी तत्त्वासाठी कोणाचीही भीड न ठेवणारा म्हणून प्रसिद्ध होता. आदल्याच वर्षी नियोजन आयोगासाठी त्यांनी देशाच्या प्रशासनावर अहवाल लिहिला होता आणि त्यात सत्ताधाऱ्यांना न आवडणारी पुष्कळ वाक्ये होती. संस्थेत ते प्रशासकाच्या भूमिकेवर बोलले. काल ती काय होती, आज काय आहे, उद्या काय असावी. पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली होती. येथे शिकणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांची पावले सरकारी खात्यांकडे, नियोजन आयोगाकडे, बँकांकडे वळणार होती. त्यांना नोकरीत शिरण्याआधी गोरवाला ऐकायला मिळाले, याला मी भाग्य म्हणेन.

येथे थोडे थांबून आजच्या महाविद्यालयांशी बोलावेसे वाटते, कारण ही स्मरणिका त्यांच्याही हाती जाईल. प्रमुख पाहुणे बोलवायचे म्हणजे काय, याची एक ठरावीक रीत आता सगळीकडे पडली आहे. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, परिचय, प्रास्ताविक, मनोगते, आणि मग उरलेल्या वीस मिनिटांत पाहुणा. तोवर मागच्या रांगा रिकाम्या होऊ लागलेल्या असतात आणि पाहुण्यालाही कळून चुकते की आपण सोहळ्याची शोभा म्हणून आलो आहोत. विषयही असा दिलेला असतो की त्यावर कोणाचे दुमत होऊ नये. काळे व्याख्यानाच्या पुस्तिका एकीपुढे एक ठेवल्या की उलटे दिसते. विषय वक्त्याच्या आयुष्यभराच्या कामातून आलेला आहे. तो त्या घडीला देशापुढे अनिर्णित आहे. आणि वक्ता संस्थेच्या चालकांना रुचेल तेच बोलेल, अशी काही हमी कोणी मागितलेली नाही. विद्यार्थ्याला पाहुण्याकडून प्रेरणा मिळावी असे आपण म्हणतो. एक प्रौढ, जाणता माणूस एखादा अवघड प्रश्न तासभर हातात धरून ठेवतो, त्याला घाईने उत्तर देत नाही आणि सोडूनही देत नाही, हे प्रत्यक्ष पाहण्यासारखी दुसरी प्रेरणा मला माहीत नाही.

गाडगीळांनंतर १९६६ मध्ये वि. म. दांडेकर संचालक झाले. १९७१ च्या जानेवारीत दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि दारिद्र्यरेषा हा शब्द घराघरांत पोचला. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्लीहून पुण्याला परतताना रेल्वेच्या डब्यातच गाडगीळांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. खडी फोडायच्या कामांवर लाखो माणसे होती. याच दिवसांत, १९७३ मध्ये, के. एन. राज काळे स्मारक व्याख्यानासाठी आले.

राज हे पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या मसुद्यावर ऐन तारुण्यात काम केलेले अर्थशास्त्रज्ञ. दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद सोडून ते केरळात परतले होते आणि तिरुवनंतपुरमला त्यांनी विकास अभ्यास केंद्र उभारले होते. पोलिश अर्थशास्त्रज्ञ कालेत्स्की यांनी एक कल्पना मांडली होती. नव्याने स्वतंत्र झालेल्या काही देशांत सत्ता बड्या भांडवलदारांकडे नसते आणि कामगारांकडेही नसते. ती कनिष्ठ मध्यमवर्ग आणि सधन शेतकरी यांच्या हाती जाते. अशा राजवटी सरकारी उद्योग वाढवतात, परराष्ट्र धोरणात अलिप्त राहतात आणि दोन्ही बाजूंकडून मदत घेतात. कालेत्स्कींनी त्यांना मधल्या राजवटी म्हटले. भारताला ही कल्पना कितपत लागू पडते, याची चिकित्सा राज यांनी पुण्यात केली. बँकांचे राष्ट्रीयीकरण, जमीन सुधारणांचे अडलेले गाडे, धान्याचा व्यापार, या सगळ्यांमागे नेमके कोण उभे आहे, असा प्रश्न विचारायची हिंमत त्या चौकटीने दिली.

व्याख्यान जुलै १९७३ मध्ये मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त छापून आले आणि वादाला तोंड फुटले. केरळचे माजी मुख्यमंत्री ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांनी त्याच साप्ताहिकात त्याचा प्रतिवाद केला. पुण्यात विद्यार्थ्यांसमोर वाचलेल्या निबंधाला एका राज्याचा माजी मुख्यमंत्री लेखणी घेऊन उत्तर देतो, हे चित्र मला फार आवडते. पाहुण्याचे भाषण दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातल्या छायाचित्रापाशी संपले नाही. अर्धशतक उलटून गेले तरी भारतीय राज्यसंस्थेच्या स्वरूपावर लिहिणारा अभ्यासक राज यांच्या त्या व्याख्यानाचा हवाला देतो.

१९८६ मध्ये मनमोहन सिंग आले. तेव्हा ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. याच खुर्चीवर १९६७ ते १९७१ या काळात गाडगीळ बसले होते आणि केंद्राची मदत राज्यांना कोणत्या निकषांनी वाटायची, याचे त्यांनी घालून दिलेले सूत्र त्यांच्याच नावाने ओळखले जाते. सिंग यांनी विषय घेतला विकासातल्या समतेच्या शोधाचा. पुढे पाच वर्षांनी अर्थमंत्री म्हणून त्यांनी देशाच्या अर्थकारणाला जे वळण दिले त्याचे समर्थक आणि टीकाकार दोघांनीही ही पुस्तिका उघडून पाहावी. ज्यांच्या नावाशी खुले धोरण जोडले गेले, त्या माणसाला त्याआधी समतेचा प्रश्न कसा दिसत होता, हे तीत आहे.

१९९३ मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. विद्यार्थ्यांची संख्या वाढली, अभ्यासक्रम वाढले. संगणकावर आकडे चालवणारी पिढी आली. कोणाही विद्वानाचे भाषण आता घरबसल्या पडद्यावर ऐकता येते, तेव्हा पाहुण्याला प्रवास करून आणायचे कशाला, असे तरुण सहकारी विचारतात. माझे उत्तर असे की पडद्यावरच्या माणसाला विद्यार्थी प्रश्न विचारू शकत नाही आणि त्याच्या चेहऱ्यावर उत्तर शोधतानाची आठी पाहू शकत नाही. व्याख्यानानंतर चहाचा कप हातात घेऊन कोपऱ्यात उभा राहिलेला एखादा बुजरा मुलगा धीर करून पुढे येतो आणि आपल्या गावच्या पतपेढीबद्दल किंवा पाटाच्या पाण्याबद्दल काही विचारतो. तिथे वक्त्यालाही नवे काही कळण्याची शक्यता असते.

एक काम मात्र राहून गेले आहे आणि ते या निमित्ताने हाती घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ही व्याख्याने इंग्रजीत झाली. त्या काळी देशभरच्या वाचकांपर्यंत पोचायचे तर दुसरा मार्ग नव्हता. पण साताऱ्याच्या वकिलाच्या पैशातून, पुण्यात, मराठी मुलांसमोर झालेला हा विचार आज सोलापूर-नांदेडच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला त्याच्या भाषेत एकत्र मिळायला हवा. निवडक व्याख्यानांचा मराठी संग्रह, प्रत्येकाला त्या वेळच्या परिस्थितीची दोन पानी ओळख, अवघड संज्ञांच्या टिपा, एवढे पुरे आहे. भाषांतर संस्थेच्या विद्यार्थ्यांनीच करावे आणि प्राध्यापकांनी तपासावे. आरंभ ठक्करबाप्पांपासून करावा असे मला वाटते. पालघर, नंदुरबार, गडचिरोलीतून येणारी मुलेमुली आता या संस्थेच्या वर्गांत बसतात. आपल्या आजोबा-पणजोबांविषयी १९४१ मध्ये या व्यासपीठावरून काय बोलले गेले, ते त्यांनी वाचावे आणि त्यावर त्यांचे म्हणणे पुढच्या काळे स्मारक व्याख्यानाच्या वक्त्याला समोरासमोर विचारावे.